केरींचा गुरुवार

पावणेसहा. जून १८०६ मधला गुरुवार, कोलकाता. मिशनरी विल्यम केरी उठतात, हिब्रू बायबलातला एक अध्याय वाचतात आणि सात वाजेपर्यंत एकटेच प्रार्थना करतात. पुढचा सबंध दिवस माणसांच्या गराड्यात जायचा असतो. रात्रीपर्यंत एकांत काय तो एवढाच.

हा दिवस मी रचलेला नाही. जास्त पत्रं लिहायला सवड का होत नाही, याचा खुलासा म्हणून केरींनी त्याच रात्री इंग्लंडमधल्या जॉन रायलंड यांना तो तासातासाने कळवला. मी पाळकाच्या घरात वाढले. ‘पाचारण’ हा शब्द उपासनेत कानावर आला की लहानपणी मला वाटायचं, आभाळातून कुणीतरी नाव घेऊन हाक मारत असेल. हाक ऐकलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, ते या पत्राने मला दाखवलं.

सात. घरातल्या नोकरमाणसांबरोबर कौटुंबिक प्रार्थना, बंगालीत. केरी झोपायच्या खोलीतून बाहेर आले तेव्हाच फारसीचे मुन्शी येऊन थांबलेले. चहा ओतला जातोय तेवढ्यात त्यांच्याबरोबर थोडी फारसी, मग न्याहारीआधी बायबलचा एक उतारा हिंदुस्तानीत. न्याहारी आटोपते न आटोपते तोच वाट पाहणारे दुसरे पंडित पुढ्यात येतात आणि दहापर्यंत संस्कृत रामायणाचं भाषांतर चालतं. या कामाला एशियाटिक सोसायटी आणि फोर्ट विल्यम कॉलेज यांचं साहाय्य होतं, हे खरं. पण पैशापोटी कुणी एवढं मन लावत नसतं. ज्यांना सुवार्ता सांगायची त्यांच्या मनात आधीपासून कोण राहतं, हे जाणून न घेता त्यांच्या दारात जाऊ नये, ही समज मला त्या कामात दिसते. ती सगळ्याच मिशनऱ्यांना होती असं नाही.

दहा. फोर्ट विल्यम कॉलेज. १८०१ पासून केरी इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या कोवळ्या अधिकाऱ्यांना शिकवत होते. पगार महिना पाचशे रुपये. तो जवळजवळ सगळा बंगालातल्या श्रीरामपूरच्या मिशनच्या सामाईक पेटीत जमा व्हायचा. बंगाली आणि संस्कृत त्यांच्याकडे होतीच, पुढे मराठीही आली. महाराष्ट्राच्या मातीला ज्यांचा पाय कधी लागला नाही, त्यांनी कोलकात्यात बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीने आपली भाषा शिकून घेतली. १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत. मोडी म्हणजे लेखणी न उचलता धावणारी लिपी, एक अक्षर दुसऱ्याचा हात धरून चालणारं. तिचं एकेक अक्षर सुटं करायचं, पोलादात उलटं कोरायचं, धातूत ओतायचं आणि शेजारी शेजारी लावून पुन्हा शब्द जुळवायचा. हे सगळं हुगळीकाठी चाललेलं, पुण्यात पेशवाई असताना.

एक ते दोनच्या दरम्यान घरी. जेवणापर्यंत यिर्मयाच्या बंगाली भाषांतराचं मुद्रित तपासणं.

मुद्रितावर वाकलेली ही मान पूर्वी चामड्यावर वाकलेली असायची. केरी नॉर्थॅम्प्टनशरमधले चांभार. दुकानात बरोबर शिकणाऱ्या जॉन वॉर नावाच्या मुलाशी वाद घालता घालता त्यांचं स्वतःचं मन पालटलं. कागद चिकटवून केलेला जगाचा नकाशा भिंतीवर लावला, त्यात देशोदेशीची लोकसंख्या आणि धर्म टिपून ठेवले. इतक्या लोकांपर्यंत ख्रिस्ताचं नावही पोहोचलेलं नाही, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. १७९२ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तिका लिहिली आणि १७९३ च्या नोव्हेंबरात ते बंगालात उतरले.

त्यांची बायको डोरोथी आधी यायला तयारच नव्हती. आली, आणि वर्षाच्या आत त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. तिचं मन त्यानंतर सावरलं नाही. या गुरुवारी ती श्रीरामपूरला आहे, आजारी. पत्रातल्या तासांमध्ये तिचा तास नाही. मी हे पत्र कितीदा वाचलं तरी तिथे अडते. पाचारण एकाला झालं आणि त्याची किंमत दुसरीने मोजली, हे म्हटल्याशिवाय केरींचं मोठेपण सांगणं मला बरोबर वाटत नाही.

जेवणानंतर सहापर्यंत कॉलेजातल्या मुख्य पंडितांबरोबर मत्तयाच्या आठव्या अध्यायाचं संस्कृत. त्या अध्यायाच्या सुरुवातीलाच एक कुष्ठरोगी येतो आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. शिवणं या क्रियापदाचं वजन त्या खोलीत पंडितांइतकं कुणाला ठाऊक असणार? शब्द त्यांनी सुचवायचा, अर्थ केरींनी पडताळायचा. केरींबरोबर असं वर्षानुवर्षं काम केलेले कितीतरी पंडित-मुन्शी शेवटपर्यंत आपापल्या धर्मातच राहिले. केरींनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली असेल. काम मात्र सोडलं नाही.

सहानंतर तेलुगूचे पंडित. सातला प्रवचनाची जुळवाजुळव, साडेसातला इंग्रजीत प्रवचन. चाळीसेक माणसं. त्यांत सदर दिवाणी अदालतीचे एक न्यायाधीश. प्रवचन संपल्यावर केरी त्यांच्याकडून नव्या प्रार्थनामंदिरासाठी पाचशे रुपयांची वर्गणी मिळवतात.

पहाटेपासून इतकं झालं, पण या दिवसात कुणाचा बाप्तिस्मा नाही, कुणाचं धर्मांतर नाही. बंगालात आल्यावर पहिल्या बाप्तिस्म्यासाठी केरींना सात वर्षं थांबावं लागलं होतं. कृष्ण पाल हा सुतार. त्याचा खांदा निखळला आणि मिशनचे डॉक्टर थॉमस यांनी तो बसवला, तिथून ओळख. पुढे मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून त्याने जात मोडली, तेव्हा जमावाने त्याला ओढत न्यायाधीशापुढे नेलं. २८ डिसेंबर १८०० रोजी केरींनी त्याला हुगळीत बाप्तिस्मा दिला, आणि त्याच दिवशी आपल्या थोरल्या मुलाला, फेलिक्सलाही. कृष्ण पाल पुढे स्वतः उपदेशक झाला.

नऊ. मंडळी पांगली. केरी पुन्हा मेजाशी बसतात: यहेज्केलचा अकरावा अध्याय, बंगालीत. माणसाच्या आतलं दगडाचं हृदय काढून मांसाचं हृदय देईन, असं देवाचं वचन याच अध्यायात आहे. दिवसभराच्या श्रमांनंतर, दिव्याच्या उजेडात, केरी त्या वचनासाठी बंगाली शब्द लावतात. हृदय बदलणं आपल्या हातचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. शब्द तेवढे त्यांच्या हातचे.

अकरा वाजत आले. आता पत्र. ज्यांना ते लिहायचं ते रायलंड म्हणजे १७८३ मध्ये नेन नदीत केरींना बाप्तिस्मा देणारेच पाळक. त्यांना दिवसाचा हिशेब द्यायचा, मग ग्रीक नव्या करारातला एक अध्याय, प्रार्थना, आणि झोप.