'रिमॉर्स' म्हणजे काय? आणि दुकानदाराला हा शब्द कशाला हवा?

विक्रीच्या व्हिडिओत 'बायर्स रिमॉर्स' हा शब्द आला होता. तो इथे नीट समजून घेऊ.

रिमॉर्स म्हणजे केलेल्या गोष्टीचा मनापासून पश्चात्ताप. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'पुन्हा चावणे'. आपण 'मन खातंय' म्हणतो ना, अगदी तेच! रोम कुठं अन् आपली झरी कुठं, पण चावा सारखाच.

वापर बघा. 'ही फेल्ट रिमॉर्स', म्हणजे त्याला पश्चात्ताप झाला. हे नाम आहे, म्हणून 'आय रिमॉर्स' म्हणू नका. 'गिल्टी' म्हणजे दोषी. कोर्ट एखाद्याला गिल्टी ठरवू शकतं, रिमॉर्स मात्र त्याचा त्यालाच वाटावा लागतो. 'रिग्रेट' त्यामानाने हलका शब्द. रेल्वेची वेटिंग लिस्टसुद्धा भरली की 'रिग्रेट' दिसतं, तिथं कुणाचं मन खात नसतं.

आता धंद्याकडे या. समजा, एक ताई १५०० ची साडी घ्यायला आल्या आणि तुम्ही गोड बोलून २८०० ची दिली. दुकानात त्या खूश. रात्री घरी हिशोब लागतो, मुलाची फी आठवते, आणि मन खायला लागतं. हाच बायर्स रिमॉर्स. साडीत खोट नाही, तरी सकाळी पिशवी घेऊन त्या तुमच्या दारात.

इथं बरेच नवे दुकानदार बिलावरच्या 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या ओळीवर बोट ठेवतात. पण माल सदोष असेल तर ही ओळ कामाची नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

नुसतं मन बदललं असेल तर गोष्ट वेगळी. तिथं नियम तुम्ही ठरवा, पण विकायच्या आधी सांगा. मला विचाराल तर बदलून द्यावं. साडी परत आली तर विकता येते. ताई आणि त्यांची अख्खी गल्ली परत येईलच असं नाही. आणि मुळात १५०० वाल्याला आधी १५०० चाच माल दाखवा की!

जाता जाता एक. होलसेलवाल्याला पैसे उशिरा गेले तर मेसेजमध्ये 'रिमॉर्स' लिहू नका, फार जड होतं. 'आय रिग्रेट द डिले' पुरे. आणि खाली पैसे कधी पाठवणार ती तारीख टाका.