हँडल नेमके तिथेच का तुटते?

मालवाहू पिकअप गाडी आता खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओळखीची झाली आहे. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी टोमॅटोचे क्रेट, संध्याकाळी कुणाच्या घरावरचे पत्रे. अशा गाडीत चालकाच्या बाजूचे दार दिवसातून ४० वेळा उघडले जाते असे धरले, तर वर्षाच्या ३०० दिवसांत ते १२,००० वेळा उघडले जाते. आणि एक दिवस दाराचे हँडल तुटून हातात येते. ‘जोरात ओढले म्हणून तुटले,’ असे आपण म्हणतो. पण तेवढ्याच जोराने ते काल आणि परवाही ओढले होते. मग ते आजच का तुटले? शिवाय एखाद्या गॅरेजमधली तुटकी हँडले पाहिली, तर त्यांतली बरीचशी एकाच जागी, म्हणजे पिन जिथे बसते त्या ‘काना’पाशी, तुटलेली आढळतील. तिथेच का?

या दोन प्रश्नांची उत्तरे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विज्ञानात सापडतात. ती ठाऊक असली, तर नवे हँडलही लवकर का तुटू शकते हेही कळते.

दाराच्या पोटात काय असते?

दार बंद ठेवण्याचे काम हँडल करत नाही. ते काम दाराच्या कडेला बसवलेल्या कुलपाचे असते. त्यात एक फिरता आकडा असतो. दार लावले की हा आकडा गाडीच्या चौकटीवरच्या खुंटीला विळखा घालतो आणि एक खिटी त्याला मागे फिरू देत नाही. दार लावताना नीट ऐकले, तर ‘खट-खट’ असा दोनदा आवाज येतो. पहिल्या टप्प्यात दार अर्धवट अडकते, दुसऱ्या टप्प्यात पूर्ण. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनुसार पूर्ण अडकलेल्या कुलपाने ११,००० न्यूटन, म्हणजे एका टनाहून अधिक वजनाइतके बल सोसावे लागते.

हँडलचे काम एवढेच, की एका सळईमार्फत ती खिटी थोडीशी हलवायची. खिटी हलली की आकडा मोकळा होतो आणि दार उघडते. हे काम हलके असायला हवे. ते जड झाले की हँडलचे आयुष्य घटू लागते.

तरफेचा हिशेब

ओढून उघडायचे बाहेरचे हँडल ही एक तरफ आहे. पिन हा तिचा टेकू. समजा, आपली बोटे पिनेपासून ८ सेंटीमीटरवर ओढतात आणि पिनेच्या दुसऱ्या बाजूला २ सेंटीमीटरवर सळई जोडलेली आहे. बोटांनी ४० न्यूटन, म्हणजे साधारण ४ किलो वजनाइतके बल लावले, तर सळईवर त्याच्या चौपट, १६० न्यूटन बल मिळते. पहिल्या प्रकारच्या तरफेत टेकूवर या दोन्ही बलांची बेरीज येते. म्हणजे पिनेवर आणि तिला धरून ठेवणाऱ्या कानांवर २०० न्यूटन!

आता कुलपात धूळ बसली, ग्रीस वाळून चिकट झाले आणि दार उघडायला दुप्पट जोर लागू लागला, तर बोटांना फक्त ४० न्यूटन जास्त लागतात, पण पिनेवरचा भार २०० न्यूटनांनी वाढतो. हात तक्रार करत नाही, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. त्यात पुष्कळांना हँडल एकाच टोकाला धरून तिरके ओढायची सवय असते. मग दोन कानांपैकी एकावरच जास्त भार पडतो.

कोपऱ्यात एकवटणारा ताण

शाम्पूची पुडी सपाट कडेकडून फाडायचा प्रयत्न करा. फाटता फाटत नाही. पण कडेला एक बारीकशी चीर असली की ती सहज फाटते. चिरेमुळे प्लॅस्टिकचा पातळसा भागच काय तो कमी झाला, मग एवढा फरक का? कारण ओढताना ताण सर्वत्र सारखा पसरत नाही. छिद्र, चीर किंवा टोकदार कोपरा यांच्या कडेशी तो एकवटतो.

याचे गणित इंग्लंडमधील अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ साली मांडले. रुंद पट्टीत एक लहान गोल छिद्र असेल, तर त्याच्या कडेवरचा ताण सरासरीच्या तिप्पट होतो. छिद्र लंबवर्तुळाकार आणि ओढीला आडवे असेल, आणि त्याची लांबी रुंदीच्या पाचपट असेल, तर तोच ताण अकरापट होतो. चीर म्हणजे अतिशय चपटे लंबवर्तुळच. तिच्या टोकाशी काय होत असेल याची कल्पना करता येईल.

आता हँडलकडे पाहा. कानाला पिनेसाठी भोक असते. कान जिथे मुख्य भागाला मिळतो तिथे काटकोनी कोपरा असतो. हँडल जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असेल, तर आत हवेचे सूक्ष्म बुडबुडेही राहिलेले असू शकतात. सर्वांत जास्त भार आणि सर्वांत जास्त कोपरे एकाच जागी! ‘तिथेच का’ याचे उत्तर हे.

थकणारा धातू, उन्हाने खंगणारे प्लॅस्टिक

‘आजच का’ याचे उत्तर श्रांती या गुणधर्मात आहे. एका झटक्यात तोडायला लागेल त्याहून बऱ्याच कमी भाराने, पण तो हजारो वेळा देत गेल्यास, पदार्थात बारीक तडा सुरू होतो आणि दर खेपेला किंचित पुढे सरकतो. जर्मन अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून याचा पद्धतशीर अभ्यास केला. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमाने कोसळली. त्या तपासातही खिडक्यांसारख्या छेदांच्या कोपऱ्यांशी एकवटणारा ताण आणि धातूची श्रांती हेच कारण पुढे आले. विमानाला आणि पिकअपच्या हँडलला निसर्गाचा नियम एकच.

तुटलेला तुकडा भिंगातून पाहावा. पुष्कळदा तुटलेल्या पृष्ठभागाचे दोन भाग दिसतात. एक काळपट, मळ शिरलेला. हा जुना तडा. दुसरा स्वच्छ, खरखरीत. हा शेवटच्या ओढीत तुटलेला. काळपट भाग जितका मोठा, तितके दिवस हँडल आतून तुटत होते.

प्लॅस्टिकच्या हँडलला आणखी एक शत्रू असतो, ऊन. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. उन्हातली जुनी बादली पांढुरकी पडून तडकते ती यामुळेच. काळ्या प्लॅस्टिकमधील काजळी हे किरण शोषून घेते, म्हणून ते जास्त टिकते. थंड देशांत उलटा त्रास असतो. तिथे बर्फाने दार चिकटते, माणूस जास्त जोर लावतो आणि नेमके त्याच वेळी थंडीने जस्ताचा मिश्रधातू व प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते.

नवे हँडल बसवताना

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. तुटलेले हँडल हा बहुधा बळी असतो, गुन्हेगार नव्हे. कुलूप जड झालेले असताना फक्त हँडल बदलले, तर नवेही त्याच वाटेने जाते. म्हणून क्रम असा असावा.

काच पूर्ण वर घ्यावी. काचेला वीज असेल, तर आधी बॅटरीची ऋण तार सोडवावी. दाराचे आतले पॅड स्क्रू व खुंट्या काढून सोडवावे. मागचा प्लॅस्टिकचा कागद अलगद सोलावा आणि शेवटी तो पुन्हा नीट चिकटवावा, कारण दाराच्या पोटात शिरणारे पावसाचे पाणी तोच अडवतो. सळईच्या टोकाची प्लॅस्टिकची क्लिप फिरवून मोकळी करावी. हिसका दिला तर ती तुटते. मग आतून नट काढले की हँडल बाहेर येते.

आता घाई न करता कुलूप पुसून घ्यावे. धुळीने भरलेले जुने ग्रीस काढून नवे थोडेसेच लावावे. सळई हाताने ओढून पाहावी. ती हलकी चालली पाहिजे. नवे हँडल जोडल्यावर सळईला किंचित ढील ठेवावी. ती ताणलेली राहिली, तर खिटी पूर्ण बसत नाही आणि चालत्या गाडीत दार उघडण्याचा धोका असतो.

सर्वांत महत्त्वाची चाचणी दार उघडे असतानाच करावी. पेचकसाने कुलपाचा आकडा दोन्ही टप्प्यांपर्यंत फिरवावा आणि आतल्या व बाहेरच्या हँडलने तो सुटतो का पाहावे. तो सुटला तरच दार लावावे.

आतले हँडल तुटले की काच खाली करून, हात बाहेर घालून दार उघडणारे चालक आपण पाहतो. रोज ते चालून जाते. पण गाडी पाण्यात गेली, आग लागली किंवा काच अडकली, तर तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून ही दुरुस्ती उद्यावर टाकू नये.

वर्गात करून पाहा

१. शाळेतील कपाटाच्या किंवा एखाद्या गाडीच्या हँडलला तानकाटा अडकवून दार उघडायला किती बल लागते ते मोजा. तेल-ग्रीस दिल्यावर पुन्हा मोजा.

२. कागदाच्या सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या घ्या. एक अखंड ठेवा, दुसरीच्या मध्यभागी गोल भोक पाडा, तिसरीला मध्यभागी भोकाच्या रुंदीएवढीच आडवी चीर द्या. कोणती किती भाराला फाटते? भोक आणि चीर यांनी सारखाच कागद कापला गेला असूनही फरक पडतो का?

३. कागदाला लावायची तारेची टाचणी काटकोनात मागेपुढे वाकवा. किती वेळा वाकवल्यावर ती तुटते? निम्म्या कोनात वाकवली, तर तेवढ्याच वेळा की जास्त? दहा विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा आलेख काढा. त्यांच्या आकड्यांत फरक का पडतो, यावरही चर्चा घडवून आणा.