जीपचे पाणी जाते कुठे?

जुन्या जीपच्या रेडिएटरात रोज तांब्याभर पाणी घालावे लागते. खाली तर थेंबही दिसत नाही. मग पाणी जाते कुठे? चला, शोधू या.

आधीच बजावतो : इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत पाणी दाबाखाली असते. झाकण निघताच ते उकळते पाणी उसळून हात-तोंड भाजते. सकाळी, इंजिन गार असताना बघा.

झाकणाचे रबर चिरले की दाब टिकत नाही, पाणी उडून जाते. नवे झाकण स्वस्तात मिळते. मग रबरी नळ्यांचे सांधे आणि पाण्याचा पंप बघू. गळलेले पाणी गरम लोखंडावर वाळते, पण पांढरा किंवा हिरवट डाग ठेवून जाते. डाग सापडला की चोर सापडला!

डाग नाहीच? मग गळती आत असेल. तेलाची पट्टी काढा. तेल दुधाच्या चहासारखे दिसते का? इंजिन तापल्यावरही मागून पांढरा धूर येतच राहतो का? तर बहुधा हेड गॅस्केट गेले. आता गाडी चालवूच नका. पाणी मिसळलेल्या तेलाने बेअरिंगे झिजतात. मिस्त्रीलाच घरी बोलवा.

आणि हो, पाण्यात कूलंट घातले असेल तर सांडलेले लगेच धुऊन टाका. ते गोड लागते, पण विषारी असते. कुत्री ते चाटतात.