एकाच कामाचा फोन

शिराळा आगाराच्या गाडीत वाहक ज्या यंत्रातून तिकीट काढून देतो ते यंत्र नीट निरखले, तर तो प्रिंटर जोडलेला मोबाइल फोनच आहे असे लक्षात येते. बोटाने चालणारा पडदा, सिमकार्ड, बॅटरी आणि आत अँड्रॉइड ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे आपल्या खिशातल्या फोनचे सारे अवयव त्यात आहेत. असे असूनही कोकरूडपासून आरळ्यापर्यंतच्या प्रवासात वाहकाला त्यावर गाणी ऐकता येत नाहीत. हे ‘न येणे’ कसे घडवून आणतात, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न वाटतो तितका साधा नाही, कारण मुळात काहीही करू शकणाऱ्या यंत्राला एवढे एकच काम कर असे पटवायचे असते.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. त्यानंतर कित्येक दशके वाहकाच्या हाती तिकिटांचा ट्रे आणि चिमटा हीच साधने होती. ट्रेमध्ये तिकिटेच राहत आणि चिमट्याने भोकच पडे, त्यामुळे त्यांचा दुसरा उपयोग होण्याचा प्रश्न नव्हता. पुढे आलेली बटणांची इलेक्ट्रॉनिक यंत्रेही बरीचशी तशीच होती. २०२२-२३ पासून एसटीत अँड्रॉइडवरची यंत्रे आली आणि परिस्थिती उलटली. फोनचे भाग जगभर कोट्यवधींनी बनत असल्यामुळे सर्वकामी यंत्र घेणे आता एककामी यंत्र घडवण्यापेक्षा स्वस्त पडते. तेव्हा सर्वकामी यंत्र विकत घ्यायचे आणि मग त्याला बांधायचे, असा हा उलटा व्यवहार आहे.

बांधायचे कशासाठी? वाहकाने मनोरंजन करू नये हे कारण त्यात दुय्यम आहे. दिवसअखेर वेबिलावरचा आकडा आणि पिशवीतली रोकड जुळली पाहिजे, आणि न जुळल्यास जबाब वाहकालाच द्यावा लागतो. समजा, यंत्राचे घड्याळ कोणालाही पुढेमागे करता आले, तर तिकिटावरची वेळ खोटी ठरेल. समजा, दुसऱ्याच एखाद्या ॲपने बॅटरी खाल्ली, तर भर गर्दीत यंत्र मान टाकेल. नागपंचमीच्या दिवसांत शिराळ्याच्या गाडीत उभे राहायला जागा मिळाली तरी नशीब. अशा वेळी यंत्र बंद पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. बांधलेले यंत्र महामंडळाच्या पैशाचे रक्षण करते तसेच ते वाहकाच्या नोकरीचेही करते.

आता बांधणी कशी असते ते पाहू. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे. लिनक्स प्रत्येक ॲपला एक स्वतंत्र क्रमांक देते आणि एका क्रमांकाच्या ॲपला दुसऱ्याच्या फायलींत हात घालू देत नाही. साहजिकच कोणतेही साधे ॲप ‘मी सोडून बाकी सगळे बंद’ असे म्हणू शकत नाही. म्हणता आले असते, तर बाजारातल्या प्रत्येक लबाड ॲपने तेच केले असते! म्हणून हा अधिकार वेगळा ठेवलेला आहे. तो ज्या ॲपला मिळतो त्याला अँड्रॉइडच्या परिभाषेत ‘डिव्हाइस ओनर’ म्हणतात. आपण त्याला कारभारी ॲप म्हणू. २०१४ मधल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

कारभारी नेमण्याची अट मार्मिक आहे. फोन कोरा असतानाच, म्हणजे नवा असताना किंवा सगळे पुसून पूर्ववत केल्यावर, आणि त्यात कोणाचेही खाते उघडण्यापूर्वीच हे ॲप बसवता येते. सातव्या आवृत्तीपासून त्यासाठी स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारतात. मग क्यूआर कोड वाचणारा कॅमेरा उघडतो. त्या कोडमध्ये कोणते ॲप कोठून उतरवायचे आणि ते अस्सल आहे हे कसे ताडायचे याची माहिती असते. वापरात असलेल्या फोनवर मात्र अशी नेमणूक होत नाही. कारण उघड आहे. तुमची छायाचित्रे, पत्रे, बँकेचे व्यवहार फोनमध्ये आल्यावर कोणी तिऱ्हाईताने मालक होऊन बसू नये.

एकदा नेमलेला कारभारी मुभा असलेल्या ॲप्सची यादी देतो. यादीतले ॲप ‘लॉक टास्क’ नावाच्या अवस्थेत गेले की घराचे बटण आणि अलीकडच्या ॲप्सचे बटण नाहीसे होते, वरची सूचनांची पट्टी कोरी होते आणि पडद्यावर तेवढे एकच ॲप राहते. तिकिटाच्या ॲपच्या जोडीला क्यूआरने पैसे घेणारे ॲप हवे असेल तर दोन्ही नावे यादीत घालतात. ज्याचे नाव यादीत नाही, त्याला दार उघडत नाही.

एवढ्याने काम भागते का? नाही. खरी गंमत इथून पुढे आहे. समोरचे दार लावले तरी वाड्याला परसदार असते, माळवद असते. फोन बंद करून पुन्हा चालू केला तर? म्हणून तिकिटाचे ॲपच ‘घर’ म्हणून नेमतात, म्हणजे यंत्र जागे झाले की तेच समोर येते. अँड्रॉइडमध्ये ‘सेफ मोड’ नावाची दुरुस्तीची अवस्था आहे. तिच्यात बाहेरून बसवलेली ॲप्स चालतच नाहीत. मग कुलूपही चालणार नाही, म्हणून तिथे जाण्याची वाट कारभारी बंद करतो. दुसरा वापरकर्ता जोडणे, मेमरी कार्ड घालणे, तारीख-वेळ बदलणे, सेटिंग्जमधून सगळे पुसणे, या प्रत्येकासाठी निराळी मनाई आहे आणि एकेक आठवून लावावी लागते. विसरलेली एक खिडकी साऱ्या दारांना निरुपयोगी करते. म्हणूनच १९७५ मध्ये साल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी एक तत्त्व मांडले होते : प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, आणि जे स्पष्टपणे दिलेले नाही ते नाकारलेले समजावे. मुभेची यादी मनाईच्या यादीपेक्षा सुरक्षित ठरते ती यामुळेच. मनाईच्या यादीत राहून गेलेली गोष्ट चोराला सापडते. मुभेच्या यादीत राहून गेलेल्या गोष्टीची तक्रार वाहक दुसऱ्याच दिवशी आगारात करतो.

तरीही एक वाट उरते. यंत्र सुरू होताना विशिष्ट बटणे दाबून धरली तर सेटिंग्जमध्ये न शिरताच सगळे पुसता येते. यावर उपाय यंत्राबाहेर केलेला आहे. यंत्राचा आयएमईआय क्रमांक विकत घेतानाच संस्थेच्या नावे नोंदवून ठेवता येतो. पुसलेले यंत्र पुन्हा इंटरनेटला जोडले की सर्व्हरला आपला क्रमांक सांगते आणि सर्व्हर त्याला तोच कारभारी परत बसवायला लावतो.

याच दूरच्या दोरीने भाडेही बदलते. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आला, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आले, आणि २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. कागदी तिकिटांच्या काळात असा बदल म्हणजे नवे तक्ते आणि तोंडी हिशेब. आता तक्ता यंत्रात उतरवतात आणि तो तिथेच साठून राहतो. तसा तो राहिलाच पाहिजे, कारण शिराळ्याच्या पश्चिमेकडे डोंगरात रेंजचा भरवसा धरता येत नाही.

शाळांना या विषयात वेगळा रस असायला हवा. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांनी विद्यार्थ्यांना आयपॅड वाटले. रूझवेल्ट हायस्कूलसह काही शाळांतल्या सुमारे ३०० विद्यार्थ्यांनी काही दिवसांतच कुलूप उघडले. त्यांनी काही अचाट विद्या वापरली नव्हती. बंधने ज्या ‘प्रोफाइल’मध्ये लिहिलेली होती, ती त्यांनी पुसून टाकली, इतकेच. कुलपाची किल्ली कुलपालाच टांगलेली होती! अँड्रॉइडने कारभाऱ्याची नेमणूक कोऱ्या फोनवरच ठेवली आणि ती वापरणाऱ्याला सहज काढता येऊ नये असे केले, त्याचे महत्त्व या उदाहरणाशेजारी ठेवले की कळते.

पण कुलूप लावण्याआधी खोली राहण्याजोगी आहे का, हेही पाहायला हवे. अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानातून दिलेल्या फोनची रॅम २ जीबी होती. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. ते फोनला पेलेना आणि त्यात मराठीही नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी फोन शासनाला परत केले. हे बंड तंत्रज्ञानाविरुद्ध होते असे मला वाटत नाही. एकाच कामासाठी दिलेल्या साधनाने ते एक काम तरी नीट करावे, एवढीच ती मागणी होती. त्या कामासाठी स्वतःचा फोन वापरायला सांगणे हा त्यावरचा तोडगा नव्हे. खासगी फोनवर संस्थेला कारभारी होता येत नाही आणि होऊही नये. तेथे अँड्रॉइड ‘वर्क प्रोफाइल’ देते. त्यात कामाची ॲप्स वेगळ्या कप्प्यात राहतात आणि संस्थेची सत्ता त्या कप्प्यापुरतीच चालते.

या अधिकाराची दुसरी बाजू हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये दिसते. हप्ता थकला की पडदा बंद करणारी ॲप्स पुष्कळदा याच कारभारी अधिकारावर चालतात. दुकानदार फोन ‘सुरू करून’ हाती देतो तेव्हाच ती नेमणूक झालेली असते. विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे. आपल्या फोनला कारभारी आहे की नाही हे ओळखणे अवघड नाही. सेटिंग्जमध्ये सुरक्षा किंवा गोपनीयता या भागात ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ची यादी असते, आणि ज्या फोनवर पूर्ण कारभारी बसलेला आहे त्याच्या सेटिंग्जमध्ये किंवा कुलुपाच्या पडद्यावर, हे उपकरण संस्थेच्या मालकीचे आहे अशा अर्थाची ओळ येते.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. कोणत्याही अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये ‘ॲप पिनिंग’ सुरू करा आणि गणकयंत्राचे ॲप पिन करा. बाहेर पडण्याचा प्रयत्न विद्यार्थ्यांना करू द्या. थोड्याच वेळात कोणीतरी बाहेर पडेल, कारण कसे पडायचे ते फोन स्वतःच पडद्यावर सांगतो. बाहेर पडताना पिन विचारण्याची सोय चालू करून तोच प्रयोग पुन्हा करा. मग फोन बंद करून चालू करा आणि गणकयंत्र पिन केलेलेच आहे का ते पाहा. वाहकाच्या यंत्रात यापेक्षा कोणत्या गोष्टी जादा असाव्या लागतील, याची यादी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी. वर न आलेली एखादी खिडकीही त्यांना सापडण्याचा संभव आहे.