गलाईवाल्यांचा नेपाळ

कोल्हापूरच्या गुजरीत जुना दागिना मोडायला दिला, की सराफ तो आधी कसोटीवर घासून पाहतो आणि मग आटणीला पाठवतो. ही आटणी करणारा कारागीर, मग तो केरळात भेटो की आसामात, बहुधा आपल्या शेजारचा निघतो: विटा, खानापूर, आटपाडी, नाहीतर खटाव-माणचा. पावसाने पाठ फिरवलेल्या या तालुक्यांनी सोनं गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, धंदा देशभर नेला. त्यांच्यातलेच काही सीमा ओलांडून काठमांडूपर्यंत पोचले. म्हणून 2015 चा भूकंप असो की सप्टेंबर 2025 चं आंदोलन, नेपाळची बातमी आली की काळजी विटा-आटपाडीच्या घरांतही असते.

काम बघण्यासारखं आहे. मुशीत जुन्या सोन्याबरोबर साधारण तिप्पट चांदी घालून वितळवायचं. तो रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि ते तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. तेच सोनं! धुऊन, टाकणखार टाकून पुन्हा आटवलं, की पिवळीधमक लगड हाती येते. विरघळलेली चांदीही तांब्याचे पत्रे सोडून परत मिळवतात. यात मजुरी थोडी आणि जोखीम मोठी. परमुलखातला सराफ आपलं सोनं ज्याच्या हवाली करतो, त्याचं खरं भांडवल म्हणजे पत. पोरगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात वर्षानुवर्षं भट्टीपुढे बसून ती कमावतो.

नेपाळ या माणसांना परका वाटला नाही, त्यालाही कारणं आहेत. 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमात राहणं, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा यांबाबत एकमेकांच्या नागरिकांना सवलती देण्याचं ठरलं. व्हिसा लागत नाही. 1993 पासून आपला एक रुपया म्हणजे नेपाळी 1.60 रुपये, हा दर कायम आहे. मात्र सोन्याचा भाव ऐकताना सावध राहावं. आपल्याकडे तोळा आता 10 ग्रॅमचा धरतात. नेपाळात भाव निघतो तो 11.66 ग्रॅमच्या तोळ्याचा.

पण तो करार वाचून आज कोणी गल्ला घेऊन निघाला, तर फसेल. नेपाळच्या 2019 च्या विदेशी गुंतवणूक कायद्याने किरकोळ विक्री, घरगुती व लघुउद्योग, केशकर्तन-शिवणकामासारख्या सेवा परकीयांना बंद केल्या. बाकीच्या बहुतेक क्षेत्रांत किमान गुंतवणूक आधी पाच कोटी नेपाळी रुपये होती, ती 2022 मध्ये दोन कोटींवर आली. म्हणजे आपले सव्वा कोटी. परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर जमीनही घेता येत नाही. डाबरसारखी कंपनी तिथे कारखाना उभारते, कारण तिला हे पेलतं.

छोट्या माणसाला मग मोह होतो तो स्थानिक मित्राच्या नावावर दुकान टाकण्याचा. माझ्या मते हा मार्ग सपशेल चुकीचा आहे. गलाईचा धंदा शब्दावर वाढला हे खरं. पण त्या शब्दामागे भावकी होती, गाव होतं, जत्रेला पुन्हा समोरासमोर येणं होतं. दुसऱ्या देशात भागीदार फिरला, तर ज्याच्या नावावर परवाना त्याचंच दुकान.

इकडचे नियमही आहेत. नेपाळातली गुंतवणूक भारतीय रुपयांतच, बँकेमार्फत करावी लागते. त्यासाठी बँकेत एफसी फॉर्म भरायचा आणि नंतर त्या व्यवसायाचा वार्षिक कामगिरी अहवाल 31 डिसेंबरपर्यंत द्यायचा. पिशवीतून रोकड नेणाऱ्याने 2016 आठवावं. नोटाबंदीनंतर नेपाळातल्या लोकांकडे आपल्या जुन्या नोटा अडकून पडल्या.

कोल्हापूरच्या उद्योजकाने नेपाळात दुकान थाटण्याआधी तिथे माल विकून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या फौंड्रीतले सुटे भाग, साखर कारखान्यांची यंत्रं, हुपरीचे पैंजण, गूळ यांसाठी ती बाजारपेठ अजमावण्याजोगी आहे. तराईत उसाचे मळे आणि साखर कारखाने आहेत, रक्सौल-वीरगंजचा रस्ता चालू आहे आणि निर्यातीवर जीएसटीचा बोजा पडत नाही. इम्पोर्ट-एक्स्पोर्ट कोड काढा, पहिली खेप छोटी ठेवा, पैसे बँकेतूनच घ्या. त्यानंतरही तिथे पाय रोवायचे असतील, तर करार काठमांडूच्या वकिलाकडून तपासून घ्या आणि कंपनी स्वतःच्याच नावाने नोंदवा.