चार एकरांचा उन्हाळा

बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास शहरातील आपली बरीच कुटुंबे गावी जातात. मुलांना सुट्टी असते, घरात लग्नकार्य असते. मराठवाड्यातल्या एखाद्या गावी उतरून शेताकडे गेले की मुले म्हणतात, "इथे तर काहीच नाही!" ज्वारी निघालेली, तूर निघालेली, ढेकळे तापलेली. मोठ्यांनाही वाटते, पाऊस पडेपर्यंत शेतकरी रिकामाच. आम्हांला नेमके उलटे सांगायचे आहे. अल्पभूधारकाचे वर्ष मृगाच्या पावसात नव्हे, त्याआधीच्या उन्हाळ्यात तरते किंवा बुडते.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेती परवडते की नाही हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीला श्रम, अवजारे आणि भांडवल यांची जोड कितपत आहे यावर ते ठरते, असे त्यांनी मांडले. शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे, तो उद्योगधंद्यांनी उचलावा, हेही त्यांनी सांगितले. आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हा विचार आम्हांला ताळेबंदासारखा समजतो. उद्योगाकडे जाण्याचे काम आपल्यापैकी अनेकांनी केले. गिरणीत, कारखान्यात, कचेरीत गेलो. भांडवल सांभाळण्याचे काम मात्र गावी राहिलेल्यांकडे आले. आणि गावातले भांडवल बँकेत नसते. ते उकिरड्यात, दावणीला आणि कणगीत असते.

जमीन कशी मिळाली?

ही जमीन कोणी सहज दिलेली नाही. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. बायाबापड्यांनी लेकरांसह तुरुंग भोगला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. तरीही कसणाऱ्या अनेकांचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नाही. २००४ साली कर्मवीरांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. तीत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. अशी जमीन पडीक दिसली की तिच्यावर दुसऱ्याचा डोळा जातो.

व्याज खावे, मुद्दल नाही

बैलजोडी आता थोड्याच दारी दिसते. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. पण शेळ्या-कोंबड्या आहेत. आपल्या भागातली उस्मानाबादी शेळी काटक. पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी देते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेत होतात. उन्हाळ्यात चारा आटतो तेव्हा बाभळीच्या वाळल्या शेंगा आणि तुरीचा भुसा तिला जगवतो. सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर चारायचे, दुपारी सावलीत पाणी दाखवायचे. पावसाळ्यापूर्वी शेळ्यांना आंत्रविषाराची, गाई-बैलांना घटसर्प व फऱ्याची लस सरकारी दवाखान्यातून टोचून घ्यावी. कोंबड्यांना मानमोडीची लस चुकवू नये. ती साथ आली की एका आठवड्यात खुराडे रिकामे होते.

मे महिन्यात बियाण्याला, खताला, मुलांच्या वह्या-पुस्तकांना पैसा लागतो. नेमका तेव्हाच व्यापारी दारी येतो आणि पडेल भावात शेळी मागतो. इथे हिशेब साधा आहे. बोकड विकणे म्हणजे व्याज खाणे, गाभण शेळी विकणे म्हणजे मुद्दल मोडणे. एकदा मुद्दल मोडले की पुढच्या उन्हाळ्यात विकायला बोकडही उरत नाही.

खत आणि बियाणे

उकिरड्याचे कुजलेले शेणखत उन्हाळ्यातच शेतात जाते. ते लगेच पसरू नये, उन्हात त्याचा कस जातो. ढीग मातीने झाकून ठेवावेत आणि पावसाच्या तोंडावर पसरून कुळवावे. धसकटे वेचणे, हराळी खणणे, फुटलेले बांध घालणे हीही याच दिवसांतली कामे.

सोयाबीनचे सरळ वाण असेल तर घरचे बियाणे दोन-तीन वर्षे चालते. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटावर रांगेत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, रोज पाणी शिंपडावे. आठवड्याने मोजावे. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे चांगले. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, म्हणून पोते आपटू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. बीटी कपाशीचे तसे नाही. ते संकरित बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते. घरच्या सोयाबीनने वाचलेला पैसा तिथे उपयोगी पडतो.

राबणारे हात कोणाचे?

तूर भिजवून, तेलपाणी चोळून, वाळवून जात्यावर भरडणे, चिंचा फोडणे, सांडगे, कुरडया, लोणची घालून वर्षाची बेगमी करणे, शेळ्यांमागे फिरणे, बियाण्यात राख मिसळून कणगी लिंपणे. या यादीत पुरुषाचे काम किती? आपल्या आया, आत्या, वहिनीच हे भांडवल राखतात. सबळीकरण योजनेत विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे, ते योग्यच. पण जिथे नवरा हयात आहे तिथे तिचे नाव सातबाऱ्यावर का नसावे? ते लावणे हा सरकारपेक्षा घरातल्या पुरुषांच्या मनाचा प्रश्न आहे.

म्हणून यंदा गावी जाल तेव्हा नुसती पाहुणचाराची भाकरी खाऊन परतू नका. मुलांना दोन दिवस खत वाहायला, गोणपाटातले दाणे मोजायला लावा. वाटणीची जमीन बड्या शेतकऱ्याला बटईने देण्याआधी भावजयीला विचारा, ती कसायला तयार आहे का. आणि जे पैसे दिवाळीला पाठवता, त्यातले थोडे एप्रिलमध्येच चाऱ्यासाठी पाठवा. व्यापारी दारी येण्याआधी ते पोहोचले, तर एक गाभण शेळी दावणीला राहील.