मिक्सडाउन: मशीन काय करतं, आपण काय करायचं

पेटी एका ट्रॅकवर, तबल्याचे दोन, गायकाचा एक, टाळ आणि कोरस उरलेल्यांवर. रेकॉर्डिंग मनासारखं झालं. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, फाइल उघडली, तर नुसती पेटी वाजते. दुसरी उघडली तर नुसते टाळ. पोर्टेबल मल्टिट्रॅक रेकॉर्डर नव्याने घेणारा इथे हमखास गोंधळतो आणि मशीन बिघडलं असं समजतो. मशीन ठणठणीत असतं. गाणं तयार व्हायचं बाकी असतं. झूमच्या आर-16 मध्ये एका वेळी आठ आणि एकूण सोळा ट्रॅक घेता येतात, पण प्रत्येक ट्रॅकची फाइल वेगळी राहते. टॅस्कॅमच्या डीपी-008 मध्ये तर ट्रॅक कार्डाच्या अशा भागात असतात, जो कंप्युटरला दिसतच नाही. सगळे ट्रॅक एकत्र करून डाव्या-उजव्या बाजूची एक स्टिरिओ फाइल, म्हणजे मास्टर, करायची आणि डीपी-008 वर ती एक्स्पोर्टही करायची. या एकत्र करण्याला मिक्सडाउन म्हणतात.

यातला दुसरा गैरसमज असा की, हे काम कॉपी करण्यासारखं आहे. बटण दाबायचं आणि चहा घेऊन यायचं. कंप्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांचं गाणं काही सेकंदांत बाहेर पडतं, त्यामुळे हा समज होणं साहजिक आहे. या छोट्या यंत्रांवर मात्र पाच मिनिटांच्या गाण्याच्या मिक्सडाउनला पाच मिनिटंच लागतात. गाणं पहिल्यापासून वाजतं आणि वाजता वाजता मास्टर रेकॉर्ड होतो. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला वाटतं, या यंत्रांची खरी मजा यातच आहे. मिक्सडाउन चालू असताना तुम्ही फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी कळ, हलवलात, तर तो बदलही मास्टरमध्ये उतरतो. अंतऱ्याला गायकाचा आवाज बारीक होतो? तिथे फेडर किंचित वर घ्या. मुखड्यावर परत आलात की खाली आणा. दोन-तीन वेळा सराव करा. चुकलं तर पुन्हा घ्या. मूळ ट्रॅकना धक्का लागत नाही, त्यामुळे मिक्सडाउन कितीही वेळा करता येतो.

डीपी-008 वर मास्टर कुठून कुठपर्यंत घ्यायचा हे इन आणि आउट या दोन खुणांनी ठरतं. शेवटचा स्वर संपतो तिथेच आउट लावणारे पुष्कळ आहेत. मग तंबोऱ्याची आस आणि रिव्हर्बचं शेपूट कापलं जातं, गाणं एकदम तुटल्यासारखं संपतं. शेवटी काही सेकंद मोकळे सोडा.

आता सगळ्यात महाग पडणारा गैरसमज: ‘एखादं वाद्य ऐकू येत नसेल, तर त्याचा फेडर वर करायचा.’ पेटी वर गेली की गायक दबतो. गायक वर घेतला की तबला मागे पडतो. तबलाही वर घेतला जातो. अशी चढाओढ संपते तेव्हा मास्टरचा लाल दिवा सतत पेटलेला असतो आणि आवाज फाटलेला असतो. यामागचं गणित साधं आहे. सारख्याच जोराचे, एकमेकांशी संबंध नसलेले दोन आवाज एकत्र केले की एकूण पातळी साधारण 3 डेसिबलने वाढते. चार केले की 6, आठ केले की 9. म्हणजे प्रत्येक ट्रॅक एकेकटा सुरक्षित असला, तरी आठांची बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. ही झाली सरासरी. आपल्या संगीतात समेवर तबला, टाळ, पेटी आणि गायक नेमके एकाच क्षणी येतात, त्यामुळे तिथला झटका सरासरीपेक्षा बराच मोठा असतो. डिजिटल यंत्रात 0 डेसिबल ही शेवटची रेघ; तिच्यावर जे जातं ते सरळ छाटलं जातं.

म्हणून पातळी सुरुवातीच्या संथ आलापावर ठरवू नका. भजन असेल तर शेवटचा गजर लावा, टाळ पूर्ण जोरात असलेली आवर्तनं ऐका आणि लाल दिवा लागत असेल, तर सगळेच ट्रॅक सारख्या प्रमाणात खाली आणा. एखादं वाद्य ऐकू येत नसेल, तर आधी त्याला झाकणारं वाद्य शोधा आणि ते खाली करा. पेटी आणि पुरुष गायकाचा आवाज बहुधा एकाच पट्ट्यात असतात. तिथे पेटी थोडी कमी करून पॅनने, म्हणजे डावी-उजवी बाजू ठरवणाऱ्या कळीने, किंचित बाजूला सरकवली, तरी गायक मोकळा होतो. रेकॉर्ड करतानाच फाटलेला ट्रॅक मात्र फेडर खाली आणून सुधारत नाही. तो फक्त कमी आवाजात फाटलेला ऐकू येतो.

‘मास्टरिंगचा इफेक्ट लावला की सगळं व्यावसायिक वाटतं’ हेही असंच. आवाज जितका मोठा तितका चांगला, या समजुतीतून लोक हा इफेक्ट शेवटपर्यंत पिळतात. त्यात तबल्याच्या चाटेची धार बोथट होते. आणि फायदा? स्पॉटिफाय गाण्यांची पातळी साधारण उणे 14 एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आणून वाजवतं, यूट्यूबही फार मोठी गाणी खाली आणतं. तुमचा मोठेपणा तिथे उतरवला जातो, बोथटपणा तेवढा शिल्लक राहतो.

रात्री उशिरा, घरचे झोपल्यावर हळू आवाजात मिक्स करणारे एका जुन्या सापळ्यात सापडतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिलं की, आवाज हळू असताना आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. मग डग्ग्यात दम नाही असं वाटतं आणि तो वाढवला जातो. सकाळी तेच गाणं मोठ्या आवाजात लावलं की डग्गा घुमतो. संवादाच्या पातळीवर, म्हणजे दोन माणसं बोलतात तितक्या आवाजात ऐकून निर्णय घ्या.

हेडफोनवर छान वाटलं म्हणून काम संपत नाही. अनेक फोनच्या स्पीकरवर डावं-उजवं जवळजवळ एकच होतं. एका गायकासमोर दोन माइक ठेवून त्यांचे ट्रॅक डावी-उजवीकडे टाकले असतील आणि गायकापासूनच्या त्यांच्या अंतरात 17 सेंटिमीटरचा फरक असेल, तर 1000 हर्ट्झच्या आसपासचे आवाज एकत्र होताना एकमेकांना खातात, कारण त्या स्वराची लहर सुमारे 34 सेंटिमीटरची असते. गायक पोकळ वाटला तर दोनपैकी एका माइकचा ट्रॅक बंद करून पाहा.

राहिला शेवटचा समज: अशा खेळण्यावर खरं काम होत नाही. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने 1982 मध्ये न्यू जर्सीतल्या घरी टॅस्कॅमच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर गाणी ध्वनिमुद्रित केली आणि मिक्सडाउन चक्क एका साध्या पॅनासॉनिक कॅसेट प्लेयरवर घेतला. नंतर स्टुडिओत बँडसह तीच गाणी पुन्हा घेऊन पाहिली, पण ती जमली नाहीत. घरची कॅसेटच ‘नेब्रास्का’ या अल्बमच्या रूपात प्रसिद्ध झाली. तबकडी कापताना मात्र त्या कॅसेटने तंत्रज्ञांना बराच घाम फोडला; साधं यंत्र चालतं याचा अर्थ पातळीकडे दुर्लक्ष चालतं असा नाही. आजचं 24 बिटचं छोटं यंत्र त्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ आवाज देतं.

मास्टर डब्ल्यूएव्ही स्वरूपातच जपा, व्हॉट्सअॅपवर पाठवायला एमपी-3 वेगळी काढा. आणि मास्टर झाला म्हणून मूळ ट्रॅक पुसू नका. 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे 8 एमबी जागा घेतो. आठ ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं सव्वातीनशे एमबीत मावतं. कार्ड फॉरमॅट करण्याआधी ते दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा.